अभ्यासातून एक दिवस बाहेर: बॉस्टनजवळ सफरचंदं तोडायला जाण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबर उजाडला की बॉस्टन, वूस्टर, लोवेल, ॲमहर्स्ट इथे शिकणाऱ्या मराठी मुलामुलींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विषय सुरू होतो: ॲपल पिकिंगला कधी जायचं? त्या दिवसात नेहमी अडणाऱ्या गोष्टींची ही उत्तरं आहेत. ती मॅसॅच्युसेट्स धरून लिहिली आहेत. उत्तरेला न्यू हॅम्पशायर किंवा मेनमध्ये जाणार असाल तर जातींच्या तारखा थोड्या पुढे धरा.

एका दिवसाने अभ्यास बुडणार नाही का?

पूर्ण दिवस लागतच नाही. सकाळी ९ ला निघालात तर १० पर्यंत बागेत पोचता. फळं तोडायला दीड ते दोन तास पुरतात, डोनट आणि सायडरला अर्धा तास धरा, म्हणजे दुपारी दीड-दोनपर्यंत घरी. दिवस हातातून जातो तो उशिरा निघाल्यामुळे: ११ ला निघालेली गाडी वाटेतल्या रांगेत अडकते, पार्किंगला वेळ जातो आणि परतताना अंधार पडलेला असतो.

एक आग्रहाचं सांगणं आहे. असाइनमेंट रात्री ११:५९ ला द्यायची असेल तर ती आदल्या दिवशी देऊन टाका आणि मगच निघा. अर्धवट सोडलेलं काम डोक्यात घेऊन झाडाखाली उभं राहिलं की ना धड अभ्यास होतो ना सुट्टी. लॅपटॉप घरीच ठेवा. गाडीत प्रोफेसर आणि ग्रेडचा विषय काढायचा नाही, हे निघतानाच ठरवून टाका. परत आल्यावर उन्हाने अंग आंबलेलं असतं, तेव्हा अवघड पेपर वाचायला बसू नका. फळं निवडून ठेवणं, कपडे धुणं, सोडवलेली गणितं तपासणं अशी हलकी कामं त्या संध्याकाळसाठी राखून ठेवा.

मिडटर्मच्या आठवड्यात जावं का?

परीक्षा मंगळवारी असेल तर शनिवारी सकाळी जा, रविवारी नको. परीक्षा सोमवारी असेल तर तो आठवडा सोडा आणि पुढच्या शनिवारी जा. हंगाम दोन महिन्यांचा असतो, काही बिघडत नाही. शुक्रवारी तास नसतील तर शुक्रवार सगळ्यात उत्तम, बाग जवळजवळ रिकामी मिळते. मात्र मधल्या वारी ती बाग तोडणीसाठी उघडी असते का, हे आधी बघून घ्या.

कोणत्या आठवड्यात कोणतं सफरचंद मिळतं?

सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. सगळी झाडं एकदम तयार होत नाहीत. आवडती जात डोक्यात ठेवून तीन आठवडे उशिरा गेलात तर त्या रांगेत फक्त पाचोळा आणि पडलेली फळं दिसतात.

सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मॅकिंटॉश आणि गाला. मॅकिंटॉश आंबटगोड, रसाळ आणि पातळ सालीचं असतं, पण लवकर मऊ पडतं. साधारण सप्टेंबरच्या मध्यावर हनीक्रिस्प येतं. मिनेसोटा विद्यापीठाने १९९१ मध्ये बाजारात आणलेली ही जात. चावलं की कडकन तुटतं आणि तोंडात पाणी होतं, म्हणून सगळ्यांना तेच हवं असतं आणि ते सगळ्यात आधी संपतं. काही बागा हनीक्रिस्पसाठी वेगळी, महाग पिशवी देतात. सप्टेंबरच्या उत्तरार्धात कॉर्टलंड, एम्पायर आणि मकून. मकूनचा उच्चार इथले लोक ‘मकाऊन’ असाही करतात, त्यामुळे फोनवर गोंधळू नका. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात गोल्डन डिलिशस, जोनागोल्ड, म्युत्सु आणि रोड आयलंड ग्रीनिंग. शेवटी, ऑक्टोबर संपता संपता, फुजी.

एखाद्या बागेत रॉक्सबरी रसेट दिसलं तर जरूर घ्या. खरखरीत, चिकूसारख्या तपकिरी सालीचं हे फळ सतराव्या शतकात आजच्या बॉस्टनच्या रॉक्सबरी भागात सापडलं आणि अमेरिकेतल्या सगळ्यात जुन्या सफरचंदांमध्ये त्याची गणना होते. दिसायला साधं, पण चव दाट असते आणि थंडीत महिनोन् महिने टिकतं.

पहिल्यांदाच जाणार असाल आणि एकच शनिवार हाताशी असेल तर सप्टेंबरचा शेवटचा शनिवार धरा. तेव्हा झाडांवर जास्तीत जास्त जाती एकाच वेळी असतात. पानांचा लाल-केशरी रंगही बघायचा असेल तर ऑक्टोबरच्या मध्याकडे सरका, पण मग हनीक्रिस्पचा नाद सोडावा लागेल.

ऑक्टोबरचा दुसरा सोमवार सुट्टीचा असतो. तो लांब वीकएंड टाळा. पानं बघायला आलेले, लहान मुलं घेऊन आलेले आणि आपल्यासारखे विद्यार्थी, सगळे त्याच तीन दिवसांत बागांवर लोटतात.

दरवर्षी पीक असतंच का?

नाही. वसंतात झाड फुलावर असताना पारा शून्याखाली गेला तर फळ धरतच नाही. १८ मे २०२३ च्या पहाटे न्यू इंग्लंडमध्ये असंच झालं आणि त्या वर्षी बऱ्याच बागांना हौशी तोडणी बंद ठेवावी लागली किंवा थोडेच दिवस चालवता आली. म्हणून निघायच्या दिवशी सकाळी बागेच्या वेबसाइटवर किंवा फोनवर आज कोणत्या जाती तोडायला खुल्या आहेत ते विचारा. ‘बाग उघडी आहे’ म्हणजे ‘झाडांवर फळ आहे’ असं धरून चालू नका, कधीकधी नुसतं दुकानच उघडं असतं.

जायचं कुठे?

बॉस्टन-केंब्रिजहून पश्चिमेला स्टो नावाचं गाव आहे, तिथे एकमेकांजवळ बऱ्याच बागा आहेत. हनी पॉट हिल ही त्यातली प्रसिद्ध, म्हणून गर्दीही तिथेच. तिथला झुडपांचा भुलभुलैया मजेचा आहे. उत्तरेला इप्सविचमध्ये रसेल ऑर्चर्ड्स आहे, क्रेन बीचला जाणाऱ्या रस्त्यावरच, म्हणजे एका फेरीत दोन्ही होतं. पीबडीतली ब्रुक्सबी फार्म शहराच्या मालकीची आहे. वूस्टरकरांना नॉर्थबरोची टूगस बाग जवळ. ॲमहर्स्टच्या मुलांनी बेल्चरटाउनची कोल्ड स्प्रिंग ऑर्चर्ड बघावी. ती यूमासचीच (मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचीच) बाग आहे, तिथे फळझाडांवर संशोधन चालतं. शेतकीचा अभ्यास करणारा कोणी ग्रुपमध्ये असेल तर त्याला तिथून हलवणं कठीण.

गाडी नाही. ट्रेनने जाता येईल का?

येईल, पण शेवटच्या टप्प्याचं आधी ठरवावं लागतं. स्टोला स्टेशन नाही. नॉर्थ स्टेशन किंवा पोर्टर स्क्वेअरहून फिचबर्ग लाइनने साउथ ॲक्टनला उतरायचं आणि पुढचे चार-पाच मैल टॅक्सीने. जाताना टॅक्सी मिळते, अडचण येते ती परतताना, कारण गावाकडे ॲपवर गाड्या फार कमी असतात. परतीची गाडी आधीच ठरवून ठेवा आणि ट्रेनच्या वेळेआधी तासभर तरी निघा. वीकएंडला ट्रेन कमी असतात, एक चुकली तर स्टेशनवर बराच वेळ बसावं लागतं. इप्सविचला न्यूबरीपोर्ट लाइनवर स्टेशन आहे. तिथून बाग तीन-एक मैल, सायकल असेल तर छान रपेट होते. वीकएंडला कम्युटर रेलमध्ये सायकल नेता येते. वीकएंडचा पासही मिळतो, सुट्या तिकिटांपेक्षा तो बहुतेक स्वस्त पडतो.

गाडी भाड्याने घ्यायची तर?

चालवणाऱ्याचं वय २५ पेक्षा कमी असेल तर भाड्यावर रोजचा जादा आकार लागतो, आणि २१ च्या खाली बऱ्याच कंपन्या गाडीच देत नाहीत. विद्यापीठामार्फत झिपकारचं (तासांच्या हिशेबाने गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीचं) सदस्यत्व घेतलं तर १८ व्या वर्षापासून गाडी मिळू शकते. शनिवारच्या गाड्या बुधवार-गुरुवारीच संपतात. पाच सीटच्या गाडीत पाचच जण बसायचे, ‘मांडीवर बसू’ हे इथे चालत नाही. भारतातला परवाना असेल तर आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवानाही जवळ ठेवा आणि गाडी देणाऱ्याचे नियम आधी वाचून घ्या.

खर्च किती येतो? पेक म्हणजे काय?

पेक हे माप आहे, बुशेलचा चौथा हिस्सा. एका पेकच्या पिशवीत १० ते १२ पौंड, म्हणजे साधारण पाच किलो सफरचंदं मावतात. मध्यम आकाराची असतील तर ३० ते ३५ नग. हाफ पेकमध्ये त्याच्या निम्मी. पेकला बागेप्रमाणे साधारण २५ ते ४० डॉलर पडतात. काही ठिकाणी माणशी प्रवेश लावतात, काही ठिकाणी चार-पाच जणांत किमान एक पिशवी घ्यावीच लागते. बऱ्याच बागांत वीकएंडचं तिकीट वेळेसकट ऑनलाइन काढावं लागतं, न काढता गेलं तर फाटकावरून परत पाठवतात.

हिशेब सरळ सांगायचा तर दुकानातली सफरचंदं याहून स्वस्त पडतात. इथे पैसे देतो ते झाडावरून काढलेल्या ताज्या फळासाठी आणि त्या दोन तासांसाठी.

आमच्या पाच जणांना किती पिशव्या घ्याव्यात?

दोन पेक. खूप झाली. प्रत्येकाने एक-एक पेक घेतलं तर दीडशेहून जास्त सफरचंदं एका फ्रीजमध्ये येतील, आणि दोन आठवड्यांनी त्याच फ्रीजवरून रूममेटशी वाद होईल.

फळ तोडायचं कसं?

आंबा देठासकट का उतरवतात हे ज्याला माहीत आहे त्याला हे लगेच कळेल. सफरचंदाचा देठ उपटला गेला तर तिथे जखम होते आणि फळ तिथूनच सडायला लागतं.

फळ तळहातात घ्या, बोटांच्या टोकांनी दाबू नका. देठ फांदीला जिथे मिळतो तिथे तर्जनी टेकवा. आता फळ खाली ओढायचं नाही, वर उचलायचं, त्याचा तळ आभाळाकडे जाईल असं, आणि उचलता उचलता किंचित पीळ द्यायचा. तयार फळ बारीक ‘टक्’ करून सुटतं. दोनदा पीळ देऊनही सुटलं नाही तर ते अजून तयार नाही, सोडून द्या.

देठाच्या मुळाशी नीट बघा. आखूड, जाडसर, सुरकुत्या पडलेली एक काडी दिसेल. पुढच्या वर्षीच्या फुलाची कळी त्या काडीवर उन्हाळ्यातच धरलेली असते. ओढाताणीत ती काडी मोडून आली तर पुढच्या वर्षीचं फळही गेलं. म्हणूनच बागवाले ओढू नका म्हणून जीव तोडून सांगतात.

तोडलेलं फळ पिशवीत हळू ठेवा, टाकू नका. हातभर उंचीवरून टाकलेलं सफरचंद त्या दिवशी चांगलं दिसतं, डाग दोन-तीन दिवसांनी वर येतो. झाड हलवायचं नाही, चढायचं नाही. बहुतेक झाडं मुद्दाम बुटकी वाढवलेली असतात, हात पुरतो. उंचावरच्या फळासाठी काही बागा टोपली लावलेली काठी देतात, अगदी आपल्या झेल्यासारखी.

पिकलंय की नाही, रंगावरून कळतं का?

लाल रंगावर जाऊ नका. लाली उन्हाने येते. लालीच्या मागचा मूळ रंग बघा, विशेषतः देठाजवळच्या खळग्यात: हिरवागार असेल तर कच्चं, पिवळसर झुकला असेल तर तयार. शंका असेल तर एक कापून बघा, पिकलेल्या फळातल्या बिया तपकिरी असतात. झाडाच्या बाहेरच्या आणि वरच्या बाजूची फळं आधी पिकतात. सगळे जण रांगेच्या तोंडाशीच तोडतात, म्हणून रांगेच्या आत शेवटपर्यंत चालत जा.

खाली पडलेली घेतली तर?

घेऊ नका. बागेत हरणं फिरतात, त्यांची लीद जमिनीवर असते आणि त्यातून ई. कोलायसारखे जंतू फळाला लागू शकतात. शिवाय पडलेल्या गोड फळांवर पिवळ्या गांधीलमाश्या बसलेल्या असतात, हात घातला की डंख ठरलेला. सायडरचा ग्लासही उघडा ठेवू नका, त्या आत शिरतात.

तोडता तोडता खाल्लं तर चालतं?

एखाद-दुसरं चाखायला बऱ्याच बागांची हरकत नसते, पण विचारून. औषधफवारणी झालेली असते, म्हणून पाण्याची बाटली जवळ ठेवा आणि धुऊन खा.

कपडे काय घालावेत? गोचिडीची भीती खरी आहे का?

खरी आहे. न्यू इंग्लंडमध्ये हरणांवरच्या गोचिडीमुळे लाइम रोग होतो आणि पूर्ण वाढलेली गोचीड ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चांगलीच फिरत असते. ती तिळाएवढी असते, पिल्लू तर खसखशीच्या दाण्याएवढं. लांब पँट घाला, पँटचं टोक मोज्यात खोचा, उंच गवतात बसू नका. घरी आल्यावर अंघोळ करताना गुडघ्यामागे, काखेत, कमरेला, कानामागे आणि केसांत बोटं फिरवून बघा. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीला अगदी लागून पकडा आणि सरळ वर ओढा. तेल, काडी, नेलपॉलिश असले उपाय नकोत. रोगाचा जंतू अंगात जायला साधारण २४ तासांहून जास्त वेळ लागतो, म्हणून त्याच रात्री तपासणं महत्त्वाचं. पुढच्या काही आठवड्यांत ताप आला किंवा लाल चट्टा पसरत गेला तर विद्यापीठाच्या दवाखान्यात जा आणि बागेत गेलो होतो हे सांगा.

बागेच्या कडेच्या दगडी भिंतींवर पॉयझन आयव्हीची वेल असते. शरदात तिची पानं लालभडक होतात आणि फोटोसाठी हात तिकडेच जातो. पळसाला पानं तीन तशी हिलाही तीनच. हात लावलात तर कातडीला भयंकर खाज सुटून फोड येतात.

बाकी सकाळी ८-१० अंश आणि दुपारी १८-२०, म्हणून एकावर एक घालता-काढता येतील असे कपडे घाला. आणि चिखलात खराब झाले तरी चालतील असे बूट.

सायडर म्हणजे दारू का? डोनटमध्ये अंडं असतं का?

अमेरिकेत नुसतं ‘सायडर’ म्हणजे न गाळलेला, गढूळ, ताजा सफरचंदाचा रस. दारू असते ती ‘हार्ड सायडर’. पाश्चराइझ न केलेल्या बाटलीवर तशी सूचना छापलेली असते. पोट नाजूक असेल तर ती टाळा. घरी आणलेला सायडर फ्रीजमध्येच ठेवा, आंबायला लागला की फसफसतो.

सायडर डोनटमध्ये बहुतेक ठिकाणी अंडं आणि ताक असतं. कशात तळलेत तेही शाकाहारी मंडळींनी विचारावं, काही ठिकाणी तळणीत प्राण्यांची चरबी वापरतात. नवरात्राचे उपास या दिवसांतच येतात, तेव्हा डोनट बाद, पण सफरचंद आणि सायडर चालतं.

घरी आणल्यावर कशी ठेवायची?

आंब्यासारखी अढी लावू नका. सफरचंद उबेत भराभर मऊ पडतं. फ्रीजमधल्या भाजीच्या कप्प्यात, ० ते ४ अंशांत, भोकं पाडलेल्या पिशवीत आणि किंचित ओलसर पेपर टॉवेलसोबत ठेवा. आधी धुऊ नका, खायच्या वेळी धुवा. आधी एक-एक फळ हातात घेऊन बघा: ठेचलेली आणि देठ तुटलेली वेगळी काढा, ती पहिल्या तीन-चार दिवसांत संपवा. एक नासकं फळ सगळी पिशवी नासवतं हे शब्दशः खरं आहे. सफरचंदातून इथिलीन वायू सुटतो, म्हणून त्याच कप्प्यात कोथिंबीर किंवा पालक ठेवला तर पिवळा पडतो. मॅकिंटॉश आधी संपवा, फुजी आणि रसेट मागे ठेवा.

सालीवर डाग आहेत, फेकून देऊ का?

खरबरीत काळपट ठिपके म्हणजे बुरशीचा स्कॅब, सालीपुरताच असतो, सोलून खा. हनीक्रिस्पवर बारीक तपकिरी खड्डे दिसतात ते फळात कॅल्शियम कमी पडल्यामुळे. तेवढा भाग कडवट लागतो, कापून टाका. फुजी कापल्यावर मध्ये काचेसारखं पाणीदार दिसलं तर घाबरू नका, ते जास्त गोड लागतं, फक्त टिकत नाही.

एवढ्यांचं करायचं काय?

ॲपल पाय करायला ओव्हन, वेळ आणि हात लागतो. आपल्या स्वयंपाकात सोपे रस्ते आहेत.

*आंबेडाळ.* कैरीच्या जागी रोड आयलंड ग्रीनिंग किंवा हिरवट, आंबट मॅकिंटॉश. एक वाटी हरभरा डाळ चार तास भिजवून, निथळून, तीन-चार हिरव्या मिरच्यांबरोबर जाडसर वाटा. वाटताना पाणी घालू नका, लगदा होतो. अर्धी वाटी किसलेलं सफरचंद घट्ट पिळून घाला, कारण त्याला कैरीपेक्षा पाणी जास्त सुटतं. आंबटपणा कमी पडतोच, म्हणून अर्धं लिंबू. मीठ, चिमूटभर साखर, खोबरं, वरून मोहरी-हिंग-हळद-कढीपत्त्याची फोडणी.

*शिरा.* एक वाटी रवा, अर्धी वाटी तूप, दोन वाट्या उकळतं पाणी, एक वाटी सफरचंदाचा कीस, पाऊण वाटी साखर. रवा तुपात भाजून पाणी घाला आणि पूर्ण फुलू द्या, मगच कीस आणि साखर. साखर आधी पडली तर रवा टचटचीत राहतो. दुधात करायला जाऊ नका, आंबट कीस पडला की दूध फाटतं.

*लोणचं.* दोन वाट्या फोडी, दीड चमचा मीठ, दोन चमचे तिखट, एक चमचा मोहरीची डाळ, पाव चमचा मेथीपूड, अर्धा चमचा हळद. तीन मोठे चमचे तेलाची हिंग घातलेली फोडणी पूर्ण गार करून ओता. गरम ओतली की फोडी शिजून मऊ पडतात. फ्रीजमध्ये आठ-दहा दिवस टिकतं.

कोशिंबिरीला कॉर्टलंड घ्या, चिरल्यावर ते लवकर काळं पडत नाही.

दिवाळीत घरी जातोय. थोडी नेऊ का?

नको. ताज्या फळांना भारतात शिरताना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागू शकतो, तो नसेल तर विमानतळावर ती काढून घेऊ शकतात. ज्यांना द्यायची इच्छा आहे त्यांना झाडाखालचे फोटो पाठवा, आणि लोणच्याची बरणी इथल्या शेजाऱ्याला द्या.